पेटी देऊनये

आजोबांचे पणजोबा,

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, रुमैथियातल्या एका स्वयंपाकघरात, एका मुलीने तुमच्या मृत्युपत्राच्या शेवटच्या ओळीवर नखाने एक उभी रेघ मारली, आणि तिथून माझं सगळं बदललं. घाबरू नका, कागद शाबूत आहे. रेघ फोनच्या काचेवर मारली. कागदाचा मी फोटो काढला होता. कागद अजून तुमच्या पेटीच्या झाकणात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पेटी रिग्गईच्या आमच्या खोलीत माझ्या थोरल्या काकांच्या खाटेखाली आहे. तुम्ही फणसाच्या लाकडाची केलेली हत्यारांची पेटी विमानात बसून कुवेतला आली, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी सांगतोय. अजून बरंच सांगणार आहे, आणि त्यातलं सगळंच काही तुम्हाला आवडणार नाही. नाही आवडलं तर राहू दे.

मी तुमच्या थोरल्याच्या वंशातला, धाकट्याच्या नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण स्वभावावरून ओळखायला गेलात तर फसाल. वय तेवीस. डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून आलोय. वर्कशॉपच्या तासाला सरांनी माझ्या हातातली पटाशी काढून घेतली आणि अख्ख्या वर्गाला म्हणाले, "हा म्हणे सुताराच्या घरातला! पटाशी धरता येत नाही." मला धरता येत होती. आजोबांनी शिकवली तशीच धरली होती, अंगठा वर ठेवून. त्यांच्या पुस्तकातल्या चित्रात ती वेगळी होती, एवढंच. मी दप्तर उचललं आणि बाहेर पडलो, तो परत गेलो नाही. वडील घरातले धाकटे, आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, त्यामुळे तुमची शेवटची ओळ त्यांच्यावर वापरायची कोणावर वेळच आली नाही. थोरल्या काकांचा मात्र त्याच संध्याकाळी कुवेतहून फोन आला. ओरडले नाहीत. "आता पेटयेचा नाव काढू नको," एवढंच म्हणाले. आणि चार महिन्यांनी स्वतःच व्हिसा पाठवून मला इथे आणलं, त्यांच्याच कंपनीत, त्यांच्याच हाताखाली. हे दोन्ही एकाच माणसाने केलं, हे तुम्हाला विचित्र वाटणार नाही. तुमचंच रक्त.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, आणि मग घरातला थोरला तुमचं मृत्युपत्र वाचतो. वाचतो म्हणायचं आपलं. मोडी कोणालाच येत नाही. आजोबांना येत नव्हती, त्यांच्या वडिलांनाही येत नसावी. कागद डोळ्यांसमोर धरायचा आणि पाठ झालेलं म्हणायचं. एका वर्षी आजोबांनी तो उलटा धरला होता, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. खाली तुम्ही सहीऐवजी काढलेलं पटाशीचं चित्र आहे ना, तिचा दांडा त्या दिवशी आभाळाकडे होता. मी हसलो म्हणून आईने चिमटा काढला होता.

पण खरं सांगू का, ते ऐकायला मला आवडायचं. तुम्ही ठेवून गेलात ते काही फार नव्हतं, आणि वाटलंत मात्र असं की एक खुंटीसुद्धा वाया गेली नाही. थोरल्याला लाकूड तासायचा वाकस आणि वरच्या वाडीचं बलुतं, म्हणजे तिथले नांगर सांधायचे आणि सुगीला भात घ्यायचं. धाकट्याला रंधा आणि खालची वाडी. एकमेकांच्या वाडीत पाऊल टाकू नका, म्हणून बजावलंत. "थोरल्या, आईस दोन वेळ जेवू घाल. ती सांगेल त्या चुलीवर घाल." म्हणजे सुनांचं पटायचं नाही, हे तुम्ही मरायच्या आधीच धरून चालला होतात. विधवा बहिणीला पडवी, "तिची वाट अडवू नको." आणि "लेकीच्या पाळण्याचे लाकूड माळ्यावर आहे, ते दुसऱ्या कामास लावू नको." आजोबा सांगायचे, लेक तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्या होणाऱ्या मुलाच्या पाळण्याचं लाकूड तुम्ही वाळत टाकून गेलात. मी इथे शुवैखच्या वर्कशॉपात दिवसभर प्लायवूड कापतो, कपाटं जुळवतो, आणि कधी कधी हातातलं काम थांबवून त्या माळ्यावरच्या लाकडाचा विचार करतो. असा बाप. आणि ह्याच बापाने शेवटच्या ओळीत सांगावं की धाकटा रागीट आहे, घर सोडून गेल्यास त्यास पेटी देऊ नये? लहानपणापासून मला ती ओळ तुमची वाटलीच नाही. कोणी दुसऱ्याने येऊन तुमच्या तोंडात घातल्यासारखी वाटायची.

धाकटा गेलाच. तुमच्या वर्षश्राद्धाआधी गेला, कशावरून ते कोणी सांगत नाही. मग एका पावसाळ्यात परत आला आणि अंगणात उभं राहून पेटी मागितली. थोरल्याने कागद आणून दाखवला. तो फिरला तो फिरलाच. कोणी म्हणतं, जन्मभर दुसऱ्यांच्या हत्यारांनी काम केलं. कोणी म्हणतं, गलबतांवर सुतार म्हणून चढला आणि अरबांच्या बंदरांना लागला. खरं खोटं देव जाणे. पण इथल्या जुन्या लाकडी होड्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा त्यांच्या फळ्यांचे सांधे मी बराच वेळ हाताने चाचपत उभा राहिलो होतो. त्यानंतर आमच्या घरात जो कोणी मनाविरुद्ध वागेल त्याला एकच धाक: पेटी. पेटी म्हणजे काही नुसती हत्यारं नव्हेत, हे तुम्हाला कशाला सांगायला पाहिजे. ज्याला पेटी नाही तो खंडेनवमीच्या पाटासमोर बसत नाही. तो घरातला राहत नाही.

काका इथे दर शुक्रवारी सकाळी पेटी उघडतात, एकेका हत्याराला तेल लावतात आणि तोंडातल्या तोंडात तुमचं मृत्युपत्र म्हणतात. शेवटच्या ओळीला आवाज मोठा व्हायचा. "त्यास पेटी देऊ," म्हणून थांबायचं, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचं, पुरेसं बघून झालं की मग "नये". दोन वर्षं दर शुक्रवारी. माझ्या खिशात इथल्याच फहाहीलच्या एका वर्कशॉपाची नोकरी होती, नुसतं लाकूडकाम, प्लायवूड नाही. कंपनीने इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तिकडे बदलून द्यायला होकार दिला होता, सही-शिक्क्याचा कागद महिनाभर घेऊन फिरत होतो. आणि निघायची छाती होत नव्हती. कशामुळे, तर तुमच्या त्या एका ओळीमुळे. मेलेल्या माणसाला मी इतका घाबरेन असं मला वाटलं नव्हतं.

आता त्या मुलीबद्दल. रुमैथियातलं एक पुण्याचं कुटुंब, वडील बँकेत. त्यांच्या स्वयंपाकघरातली कपाटं फुगली होती, दारं लागत नव्हती, म्हणून मला पाठवलं. दोन दिवसांचं काम होतं. मी ते नऊ दिवस पुरवलं. एक बिजागरी मी तीनदा बसवली आणि चार वेळा काढली. तिची आई मला मिस्त्री म्हणायची, चहा बाहेर आणून द्यायची. ती मात्र ओट्याला टेकून आपला अभ्यास करत उभी राहायची. पहिल्या दिवशी "तुम्ही", तिसऱ्या दिवशी "तू". आईला उत्तर इंग्रजीत, मला मराठीत, म्हणून मला वाटलं मराठी माझ्यासाठीच राखून ठेवली आहे. वेडा झालो होतो, दुसरं काय. तिच्या हातातल्या कागदावर वेलबुट्टीसारखी अक्षरं दिसली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मोडी. ऑनलाइन क्लास लावलाय. सप्टेंबरमध्ये पुण्याला जाणार, पुढे हेच शिकायचंय." मोडी! आमचं पाच पिढ्यांचं कुलूप, आणि त्याची किल्ली ओट्याला टेकून बिस्किट खात उभी होती. काका अंघोळीला गेले असताना मी तुमच्या कागदाचा फोटो काढला. हो, चोरून. रागवा.

बुधवारी तिने तो वाचला. ओळीला बोट लावून, अडखळत, पहिलीतल्या पोरासारखी. आई, चुली, पडवी, पाळण्याचं लाकूड, सगळं बरोबर येत गेलं. शब्द न् शब्द आम्ही राखला होता, मला भरून आलं. शेवटच्या ओळीला ती थांबली. दोन बोटांनी फोटो मोठा केला. "तुमच्या घरी हे काय म्हणतात?" म्हणाली.

"देऊ नये."

"असं नाही लिहिलेलं."

"म्हणजे?"

"मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत ना. हात उचलतच नाहीत. इथे सगळं सलग आहे, देऊनये." आणि तिने नखाने रेघ मारली, तुम्ही कधीच न सोडलेल्या जागेत. "हे 'देऊ नये' होतं. आणि इथे तोडलं तर 'देऊन ये' पण होतं. घर सोडून गेल्यास त्यास पेटी देऊन ये."

तिच्या आईने बाहेरून विचारलं, "मिस्त्री, झालं का हो?" मी बिजागरी उगाच वाजवली. देऊन ये. थोरल्या, तो रागाच्या भरात पेटी न घेता जाईल, तर ती त्याच्यापर्यंत नेऊन पोचव आणि परत ये. माळ्यावर पाळण्याचं लाकूड ठेवणारा माणूस हेच म्हणेल ना? मी तिला म्हणालो, "मग हेच खरं. बघ ना, सगळीकडे थोरल्याशीच बोलतायत. जेवू घाल, वाट अडवू नको, लावू नको. नको द्यायची असती तर 'देऊ नको' म्हणाले असते." ती म्हणाली, "पॉइंट आहे." मी म्हणालो, "मग तू असं लिहून दे. काकांना दाखवतो." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही. दोन्ही होतं, एवढंच मी लिहून देऊ शकते. तुला हवं ते मी वाचणार नाही. सॉरी." मला इतका राग आला तिचा. आणि त्याच क्षणी ती मला इतकी आवडली की बिजागरीचा स्क्रू हातातून पडून कपाटाखाली गेला. तो अजून तिथेच असेल.

दुपारी तिच्या वडिलांचा काकांना फोन गेला. मिस्त्री म्हणून पाठवलेला मुलगा आमच्या ओट्यापाशी फोन काढून गप्पा मारतो, हे बरं दिसत नाही. काकांनी "होय साहेब" म्हटलं, तीन वेळा. ते तीन "होय साहेब" मी पलीकडे उभा राहून ऐकले, आणि ठरवलं की आता निघायचं.

काल संध्याकाळी जेवताना विषय काढला. खुबूस, म्हणजे इथली रोटी, मधोमध, आमटी दोन वाट्यांत.

"काका, ता 'देऊन ये' असा पण होता."

"काय होता?"

"पेटी देऊन ये. धाकटो गेलो तर तेका नेऊन दी आणि ये. थोरल्याक सांगतत ते."

काकांनी घास खाली ठेवला. "ह्या तुका कोणी सांगल्यान? त्या रुमैथियातल्या चेडवान?"

"तेका मोडी येता."

"माका मराठी येता," काका म्हणाले. मग फोन हातात घेऊन, चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघत बसले. त्यांना त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, मला माहीत होतं. तरी बघत होते. शेवटी म्हणाले, "बरा. मग फणसाचा काय?"

"काय फणसाचा?"

"'दारचा फणस तोडू नये.' ताय त्याच कागदार तसाच लिवलेला असतला. मग 'दारचा फणस तोडून ये' काय रे? मेल्या, दीडशे वर्सां आमी तो फणस राखलो कित्याक? जा गावाक, घाल कुऱ्हाड!"

मला हसू फुटलं, काय करू? काकांच्याही मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते दाबलं. मी तिला मेसेज करून फणसाचं विचारलं. उत्तर लगेच आलं: हो, सेम अक्षरं. पुढे हसणारा चेहरा. मग थोड्या वेळाने दुसरा मेसेज: माझ्यासाठी जात असशील तर जाऊ नकोस. तुला जायचंच असेल तर जा.

तेवढ्यात काका उठून माझ्यासमोर उभे राहिले. आता हसत नव्हते. "तुजा खरा धरलंव तर आमी कोण झालंव, सांग. थोरल्यान धाकट्याची पेटी गिळल्यान. तेका अंगणातसून फिरवल्यान. पाच पिढये चोराच्या पाटार बसलंव. ह्या सांगतंस तुज्या आजोबाक? सांगतंस माका?" जे तोंडाला आलं ते बोललो: "माका तुमची पेटी नको. उद्या चल्लंय मी फहाहीलाक." काका म्हणाले, "जा."

आणि आता तुमच्याशी भांडायचं ते हे. थोरल्याशी नाही, काकांशी नाही, तुमच्याशी. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, मान्य. तुम्ही बोललात आणि कोणीतरी लिहिलं. पण बोलताना माणूस श्वास घेतोच ना? कुठे घेतलात तो? "देऊ" नंतर, की "देऊन" नंतर? ओसरीवर बसला असाल, खोकत असाल, समोर लिहिणारा टाक बुडवून बसलेला. तुमच्या तोंडून निघालं तेव्हा ते एकच होतं, दोन नव्हतं. त्याला टाक उचलायला सांगायचं होतं. वाटाणा मावेल एवढी जागा. तुम्ही लाकडाच्या सांध्यात कागद शिरू दिला नसता, असं आजोबा अभिमानाने सांगायचे; अहो, एकदाच शिरू द्यायचा होता! त्या नसलेल्या जागेत एक माणूस अंगणातून परत गेला. आणि तुम्ही तिथे वर बसून ऐकताय, दर खंडेनवमीला, आमचे थोरले तुमच्या तोंडाने काय बोलतात ते, आणि एकदाही खाकरला नाहीत.

तर ऐका. मी ठरवून टाकलंय, मला तुमचा निकाल नको. "नये" असेल तर मी पेटीशिवाय जातोय. "ये" असेल तरी पेटीशिवाय जातोय, कारण "देऊन ये" म्हणजे ती मी उचलायची नाही, थोरल्याने आणून द्यायची. कसंही वाचा, माझा हात रिकामा. हे रात्रीत सुचलं आणि इतकं हलकं वाटलं की मी घोरलो म्हणे. ती सप्टेंबरात पुण्याला जाईल, मला हो म्हणालेली नाही, नाहीही म्हणालेली नाही. तिचंही मी तसंच सलग ठेवलंय, मधे रेघ मारायला लावणार नाही. मला फहाहीलला जाऊन लाकडाला हात लावायचाय. अंगठा वर ठेवून.

आज शुक्रवार. मी बॅग भरत होतो तेव्हा काकांनी नेहमीसारखी पेटी ओढली, तेलाची चिंधी घेतली. रंधा, वाकस, गुण्या, करवत. तोंडातल्या तोंडात आई, चुली, पडवी. पाळण्याचं लाकूड. फणस आला तेव्हा माझ्याकडे बघितलंच नाही. मी बॅगेची चेन अर्धी ओढून थांबलो, आता थांबतील, आता चष्म्यावरून बघतील, मी तयारीत उभा होतो, उत्तर दातांमागे धरून. काका पटाशी पुसत होते. "धाकटा रागीट आहे घर सोडून गेल्यास त्यास पेटी देऊनये."

थांबले नाहीत. एका दमात म्हणाले, कुठेही न तोडता, तुमच्या कागदावर आहे तसं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग पटाशी पेटीत ठेवली, झाकण लावलं, पेटी खाटेखाली न सरकवता मधोमध तशीच ठेवली आणि आत गेले. "बांगडो करपतलो," म्हणाले, भिंतीला. आता आतून तव्याचा आवाज येतोय, तिरफळाचा वास येतोय, आणि मी तुमच्या पेटीवर कागद ठेवून हे लिहितोय. खाली पिकअपवाला दोनदा हॉर्न देऊन गेला, पुन्हा फिरून येईल.

हे कुठे पाठवायचं? ज्याला पाठवायचं त्याला वाचताही येत नव्हतं. तुमच्या कागदामागे, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. एकच कबूल करायचंय, आणि तेही काकांना ऐकू जाणार नाही असं. काल मी पेटी नको म्हणालो ते खोटं होतं. झाकणावर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. फहाहीलचा पत्ता, कोणत्या बकाल्यावरून, म्हणजे किराणा दुकानावरून, वळायचं ते, कितवा मजला, दाराचा रंग. सुवाच्य, ठळक, आणि प्रत्येक शब्दानंतर बोटभर जागा सोडली आहे. चुकायला वाव ठेवलेला नाही.

हॉर्न वाजला. बॅग उचलतो. "काका, येतो," म्हणतो; आतून फक्त तवा वाजेल. मी बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.